मुंबईत लस कमी होती, पण रांगेत कोण होतं?

प्रश्न असा आहे: २०२१ मध्ये मुंबईतलं कोविड लसीकरण अडखळलं ते निव्वळ लस मिळत नव्हती म्हणून का? आणि पुन्हा अशी साथ आली तर महापालिकेने आधीपासून काय तयार ठेवायला हवं? विचारणारा मुलगा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करतोय, त्याला प्रबंधासाठी हवं आहे. मी त्या वर्षी पूर्व उपनगरातल्या एका विभागात पालिकेची वैद्यकीय अधिकारी होते. त्याआधीची वीसेक वर्षं गोवर, पोलिओ आणि ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशी देण्यात गेली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लस नव्हती हे खरंच आहे, ते आधी सांगून टाकते. एप्रिलच्या सुरुवातीला शहरात दिवसाला अकरा हजारांवर रुग्ण सापडत होते आणि नेमका त्याच आठवड्यात साठा संपत आला. ९ एप्रिलला बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) जम्बो कोविड केंद्रावरून लोकांना परत पाठवावं लागलं. ३० एप्रिल ते २ मे असे सलग तीन दिवस ४५ वर्षांवरच्यांचं लसीकरण बंद होतं. त्यातच १ मे उजाडला आणि १८ ते ४४ वयोगटासाठी नायर, राजावाडी, कूपर, सेव्हन हिल्स आणि बीकेसी अशा पाच ठिकाणी लस सुरू झाली. म्हणजे दुसऱ्या डोसची वाट बघणारे आजोबा घरी आणि नातू रांगेत. दोन आठवडे होण्याआधीच राज्याने तरुणांचं लसीकरण थांबवलं आणि उरलेली लस मोठ्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. मे महिन्यातच पालिकेने एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली. नऊ पुरवठादार पुढे आले, छाननीत एकही टिकला नाही. शहराने आपल्या हिमतीवर परदेशातून लस आणायचा तो प्रयोग तिथेच आटोपला. २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुरवठा रुळावर आला.

तुझ्या प्रबंधातलं तुटवड्याचं प्रकरण एवढ्यात होईल. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे लस पडून होती आणि तरी विभागातल्या काही गल्ल्या जवळजवळ कोऱ्या होत्या. याचं कारण साठ्यात सापडत नाही. आम्ही रांग कशी लावली, त्यात ते सापडतं.

सुरुवातीपासून बघू. १३ जानेवारीला पुण्याहून कोविशील्डचे १,३९,५०० डोस आले आणि परळच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयात उतरवले. कांजूरमार्गचं मोठं शीतगृह तेव्हा पूर्ण व्हायचं होतं. परळला जाऊन बघणाऱ्या आमच्यातल्या जुन्या मंडळींना हाफकिन या लशींच्या जुन्या संस्थेची आठवण झालीच. ती संस्था तिथून जवळच आहे. १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेग चालू असताना, शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हाही लस बनवण्यापेक्षा ती घ्यायला माणसं तयार करणं जड गेलं. त्यावर पुढे येते.

१६ जानेवारीला शहराचं उद्दिष्ट ४,००० आरोग्य कर्मचाऱ्यांचं होतं. त्याच्या निम्म्यालाही आम्ही पोचलो नाही. कोविन या सरकारच्या लस-नोंदणीच्या ॲपवरून निरोपच जाईनात. आमच्या सिस्टर रात्री उशिरापर्यंत एकेकाला फोन लावून 'उद्या सकाळी या हो' म्हणत होत्या. पुढचे दोन दिवस तर ॲपच्या घोळामुळे राज्यभर काम बंद ठेवावं लागलं. मला त्या वेळी वाटलं, नवीन यंत्रणा आहे, बसेल घडी. घडी बसली, पण ती कोणासाठी बसली हे मे महिन्यात कळलं.

लशीची पेटी, आइसपॅक, दोन ते आठ अंश तापमान याबद्दल तू पानंच्या पानं लिहिशील, सगळे लिहितात. खरं सांगायचं तर तिथे आम्हाला फारसा त्रास झाला नाही. आयएलआर, म्हणजे लशीचा खास फ्रीज, सांभाळणं आमच्या फार्मासिस्टना झोपेत जमतं. डोकेदुखी होती ती शेवटच्या व्हायलची, म्हणजे लशीच्या कुपीची. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची, लेबलवर वेळ लिहायची, उरलं तर फेकायचं. सुरुवातीची कोव्हॅक्सिन तर वीस डोसांची होती. आणि वाया गेलेल्या डोसांचा हिशेब रोज वर कळवायचा. जूनच्या नव्या धोरणात तर स्पष्टच होतं की लस वाया घालवलीत तर राज्याच्या वाट्यावर उलटा परिणाम होईल.

जुलैमधली एक संध्याकाळ. पावणेपाच झाले होते, पाऊस धो धो, आणि बाहेरच्या बाकावर तिघी बसलेल्या. एक म्हातारी, तिची सून आणि धुणीभांडी करणारी एक बाई. आधीची व्हायल नुकतीच संपली होती. नवीन उघडली तर सात डोस वाया, नाही उघडली तर तिघी परत. नियमाप्रमाणे 'उद्या या' म्हणायचं. पण कामवाल्या बाईची ही तिसरी खेप होती, आणि दर खेपेला तिचे एका घरचे पैसे कापले जात होते. सिस्टर माझ्याकडे बघतेय, मी घड्याळाकडे. तेवढ्यात आमची आरोग्यसेविका म्हणाली, "मॅडम, पंधरा मिनिटं द्या." छत्री उघडून समोरच्या चाळीत गेली. परत आली तेव्हा मागे सात माणसं होती. पिठाच्या गिरणीतला पोरगा, केसांवर पीठ तसंच. रद्दीवाला. पहिल्या मजल्यावरची दोन भावंडं, जी आदल्या आठवड्यात 'आम्हाला नको' म्हणाली होती. एक वॉचमन, ड्यूटीवरून तसाच. उरलेले दोघे नवरा-बायको. दहाच्या दहा डोस लागले.

सात माणसं तिने पंधरा मिनिटांत कशी शोधली? तिच्या पिशवीत एक दोनशे पानी वही असते. चाळीतल्या प्रत्येक खोलीत कोण राहतं, कोणाला साखर आहे, कोण गरोदर आहे, कोणाचा टीबीचा डोस चालू आहे, सगळं त्यात असतं. त्या वर्षी तिने तिथेच एका बाजूला लाल पेनाने लस न घेतलेल्यांच्या खुणा केल्या होत्या. हे कोणीही सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. आमच्या संगणकात मात्र अशी यादी कुठेच नव्हती. कोविनला कोण आलं हे कळायचं. कोण आलं नाही, ते कुठल्या खोलीत राहतं, हे विचारायची सोयच नव्हती.

आता रांगेबद्दल. १ मेपासून तरुणांना नोंदणी फक्त मोबाइलवरून. स्लॉट उघडले की काही सेकंदांत गायब व्हायचे. ज्यांना कोडिंग येतं अशा मुलांनी टेलिग्रामवर सूचना देणारे प्रोग्राम बसवले होते. मी त्यांना दोष देत नाही, माझ्या भाच्यानेही तसाच स्लॉट मिळवला. पण माझ्या झोपडपट्टीतल्या केंद्रावर सकाळी गाड्यांतून उतरणारी तरुण मंडळी पाहिली तेव्हा चुकल्यासारखं झालं. लोक दहा-पंधरा किलोमीटरवरून येत होते, काही तर ठाणे आणि नवी मुंबईहून. आणि केंद्राच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाला तिथे स्लॉट नव्हता. त्याचा फोन साधा, नाहीतर घरात एकच, तोही गॅरेजात काम करणाऱ्या मुलाकडे, आणि ओटीपी त्या फोनवर. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली तेव्हा कुठे हे थोडं सैल झालं.

एका मोबाइल नंबरवर चार नावं घालता यायची. म्हणजे पाच जणांच्या घरात पाचव्यासाठी शेजाऱ्याचा फोन. मग दुसऱ्या डोसला नंबर वेगळा, आधारवरचं नाव माहेरचं, आणि मुलगी संगणकावर बसून म्हणते, "काकू, तुमची नोंद दिसत नाही." शेवटी नवीन नंबरवर पुन्हा पहिला डोस म्हणून नोंद व्हायची. अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी दोन डोस घेतले आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रमाणपत्रं पहिल्या डोसची आहेत. आकडे वापरताना हे लक्षात ठेव.

मग आम्ही ऑनलाइनला पर्याय म्हणून टोकन सुरू केलं. ही चूक माझीच, म्हणून लिहिते. सकाळी सात वाजता टोकन वाटायचं ठरवलं. वाटलं, कामावर जाण्याआधी लोकांना सोयीचं पडेल. झालं असं की पहाटे चारपासून पुरुष रांग लावायला लागले. पहिल्या दोन आठवड्यांत बायका अगदीच कमी आल्या. मी समजत राहिले की बायका घाबरताहेत. त्या गैरसमजावर मी एक पथनाट्यही करवून घेतलं! शेवटी आमच्या आयाबाईने सांगितलं, "मॅडम, इथे नळाला पाणी पाच ते सात येतं. बाई पाणी भरेल का लाइनीत उभी राहील?" टोकनचा निम्मा हिस्सा दुपारी एकला वाटायला लागलो आणि आठवड्याभरात बाकावरचं चित्र बदललं. शहरभर बायका मागे पडल्या होत्याच, म्हणून १७ सप्टेंबरचा अख्खा दिवस पालिकेने फक्त महिलांसाठी ठेवला. त्या दिवशी केंद्रावर जत्रा होती, पोरंटोरं कडेवर. चांगली कल्पना होती ती. पण माझ्या मते पाण्याची वेळ आधी विचारली असती तर असा खास दिवस ठेवायची गरज कमी पडली असती.

अंथरुणाला खिळलेल्यांचा विषय उच्च न्यायालयात गेला होता हे तुला माहीत असेल. घरोघरी लस द्यायची की नाही यावर बरेच दिवस युक्तिवाद चालले आणि अखेर ३० जुलैला अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागातून पालिकेने सुरुवात केली. निदान सहा महिने उठू शकणार नाही असं डॉक्टरचं पत्र लागायचं. हे काम बाहेरून सोपं दिसतं, पण गणित करून बघ. व्हायल दहा जणांची, मुदत चार तास. प्रत्येक माणसाजवळ लशीनंतर अर्धा तास थांबायचं. दहा अर्धे तास म्हणजे पाच तास, जिने आणि रस्ते वेगळेच. सरळ रेषेत केलं तर शेवटच्या दोघा-तिघांपर्यंत पोचेतो लस बाद. म्हणून आम्ही दोन तुकड्या केल्या. टोचणारी सिस्टर पुढे जायची, मागे एक डॉक्टर, लशीची तीव्र रिॲक्शन आलीच तर म्हणून, ॲड्रेनॅलिनचा किट घेऊन बसायचा. आणि दहाही घरं चालत जाण्याच्या अंतरात निवडायची. ती दहा घरं कोणी निवडली? पुन्हा तीच वही.

एका घरी पक्षाघाताने पडलेल्या आजी होत्या. आम्ही आत गेलो तर त्यांनी लुगडं नीट करायला लावलं, सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि मग दंड पुढे केला. बोलता येत नव्हतं त्यांना, सगळं खुणांनी. अर्धा तास थांबायचंच होतं, म्हणून चहा प्यायलो. एरवी पालिकेच्या माणसाला चहा पिणं परवडत नाही.

भीतीबद्दल लोक बरंच बोलतात, 'लोक अडाणी' असंही म्हणून मोकळे होतात. माझा अनुभव असा की सरसकट भीती फार थोड्यांना होती. बहुतेकांचा हिशेब साधा होता: कोविशील्ड घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, रोजंदारीवाल्याचे दोन दिवस गेले म्हणजे घरातलं रेशन गेलं. यावर प्रबोधनाचा काही उपयोग नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळची वेळ ठेवली, पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या कागदात बांधून दिल्या, आणि नाक्यावरचे मजूर आले.

खरी भीती होती तिथे आमच्या शब्दाला किंमत नव्हती, ज्याच्या शब्दाला होती त्याने बोलावं लागलं. एका मशिदीच्या इमामसाहेबांनी आधी स्वतः लस घेतली आणि शुक्रवारी सांगितलं, पुढच्या सोमवारी मला दोन पेट्या जादा मागवाव्या लागल्या. मुंबईला हे नवीन नाही. प्लेगच्या वेळी तरुण धर्मगुरू आगाखानांनी आपल्या खोजा समाजातली धास्ती मोडण्यासाठी सगळ्यांसमोर हाफकिनची लस टोचून घेतली होती. आणि त्याच लशीच्या इतिहासात दुसरंही एक पान आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस दिलेले १९ लोक धनुर्वाताने गेले, आणि अख्ख्या मोहिमेवरचा विश्वास हलला. म्हणून लशीनंतर कोणाला काही झालं की मी सिस्टरना सांगायचे, लपवू नका, लगेच नोंदवा आणि त्या घरी स्वतः जाऊन या. एकदा एक गृहस्थ लशीनंतर तिसऱ्या दिवशी हृदयविकाराने गेले. लशीचा संबंध नव्हता असंच चौकशीत निघालं. पण आम्ही तिथे वेळेत गेलो नाही, दोन दिवस गेले, आणि त्या इमारतीतून नंतर दोन महिने कोणी आलं नाही.

तुटवडा असला की भामटेही येतात. ३० मे रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात ३९० जणांना पैसे घेऊन टोचलं गेलं ते बनावट शिबिर होतं. पुढे तपासात फसवलेल्यांचा आकडा दोन हजारांवर गेला. शिकली-सवरलेली, इंटरनेट वापरणारी मंडळी ती. त्यांना शंका आली ती प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी यायला लागल्यावर. आमच्याकडे त्यानंतर लोक व्हायल बघायला मागू लागले. मी म्हटलं, दाखवा, फोटो काढू द्या. त्यात आपलं काय जातं?

लोकांना केंद्रापर्यंत आणण्यात लोकल गाडीने आमच्या सगळ्या भोंग्यांना मागे टाकलं. १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलचा प्रवास, असं ठरलं. स्थानकांबाहेर पालिकेचे मदत कक्ष लागले आणि आमच्याकडे दुसऱ्या डोससाठी झुंबड उडाली. अशी सक्ती बरोबर का, यावर न्यायालयातही पुढे प्रश्न उभे राहिले, आणि माझंही मन त्याबाबत आजही पक्कं नाही. पण एक नोंदव: ज्याला कामासाठी ट्रेन लागते तो आला. वस्तीतच जरीकाम करणारी, घरी बसून इमिटेशनचे दागिने ओवणारी बाई यातून आली नाही. तिला ट्रेनशी देणंघेणंच नव्हतं.

नोव्हेंबरात जाहीर झालं की मुंबईत पहिल्या डोसचं प्रमाण शंभर टक्के झालं. उद्दिष्ट धरलं होतं सुमारे ९२ लाख ३६ हजार प्रौढांचं. आम्ही पेढे वाटले आणि ते योग्यच होतं, माणसं दहा महिने राबली होती. पण त्याच आठवड्यात माझ्या विभागात आरोग्यसेविका घरोघर फिरत होत्या आणि रोज पहिल्या डोसची माणसं सापडत होती. पुढे तो आकडा शंभराच्याही वर गेला. वर अंशात बाहेरून येऊन लस घेणारे, खाली छेदात अंदाजे लोकसंख्या, मग आणखी काय होणार? विभागनिहाय आणि वस्तीनिहाय छेद आमच्याकडे नव्हता. शंभर टक्के शहराच्या पोटात पन्नास टक्क्यांची एखादी गल्ली सहज लपते.

आता पुढच्या साथीसाठी काय तयार ठेवायचं, तर माझ्या मते सर्वात आधी ती वही. प्रत्येक आरोग्य केंद्राखालच्या घरांची, माणसांची चालू यादी, जी साथ नसतानाही दर तीन महिन्यांनी तपासली जाते, आणि जी केंद्रावरच्या संगणकात असते. ॲप हवंच, पण त्याने यादीतून नाव खोडायचं काम करावं, यादी बनवायचं काम माणसाकडेच असावं. दुसरं, लस येईल त्यातला ठरावीक हिस्सा त्या त्या वस्तीतल्या लोकांसाठी पहिल्या दिवसापासून राखून ठेवावा, टोकनवर, ऑनलाइनच्या बाहेर. दादरच्या कोहिनूर वाहनतळात गाडीत बसून लस देण्याची सोय ४ मेपासून झाली. ज्येष्ठ आणि अपंगांसाठी ती उत्तम होती. तशीच तत्परता हातगाडीवाल्यासाठी दाखवायला काही अवघड नव्हतं. शीतगृहं आता आहेत, सिरिंज मिळतात, टोचणारे हात तर आपल्याकडे भरपूर आहेत. आरोग्यसेविका मात्र मानधनावर आहेत, आणि दर वर्षी त्यासाठी मोर्चा काढतात. साथीच्या तयारीचं अंदाजपत्रक करायला बसलास तर पहिली ओळ त्यांच्या पगाराची घाल.

प्रबंधासाठी कोविनचे आकडे घेच, पण एखाद्या आरोग्य केंद्रात जाऊन २०२१ ची घरभेटीची रजिस्टरं दाखवा असंही म्हण. बहुतेक ठिकाणी ती कपाटावर गठ्ठा बांधून ठेवलेली असतात. दुपारी दोननंतर जा, सकाळी ओपीडीत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. आणि सिस्टरशी बोलण्याआधी आयाबाईशी बोल.